घनदाट जंगलात प्राणी का दिसत नाहीत?

मे महिन्यात ताडोबाला जाऊन आलेल्या माणसाच्या कॅमेऱ्यात काय काय असतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पाणवठ्यात अर्धं अंग बुडवून बसलेली वाघीण, चितळांचे कळप, गवे, रानकुत्री, नशीब जोरावर असेल तर अस्वल. तोच माणूस डिसेंबरात कोयना-चांदोलीच्या रानात दोन दिवस हिंडून येतो, तेव्हा दाखवायला एखादं शेकरू असतं आणि चिखलातल्या ठशांचे फोटो असतात. सह्याद्रीत पाऊस कितीतरी जास्त, झाडोरा दाट, आणि बेडूक, सरडे, साप यांच्या जाती मोजायला बसलं तर तो विदर्भातल्या रानाला केव्हाच मागे टाकतो. मग हे भरलेलं रान रिकामं का भासतं? आणि उन्हाने करपलेल्या ताडोबात प्राण्यांची एवढी गर्दी कशी?

हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर पडतो तो ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात. कुइआबा ही तिथली राजधानी. तिच्या उत्तरेला राज्याच्या टोकापर्यंत गेलं की ॲमेझॉनचं वर्षावन लागतं. दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर पोकोने नावाचं गाव आहे आणि तिथून पांतानाल सुरू होतो. हा जगातला सर्वांत मोठा उष्णकटिबंधीय पाणथळ प्रदेश, क्षेत्रफळ सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र. त्याचा बहुतेक भाग ब्राझीलमध्ये आहे आणि थोडा बोलिव्हिया व पराग्वेमध्ये.

जातींच्या हिशेबात पांतानाल ॲमेझॉनच्या पासंगालाही पुरत नाही. पेरूतल्या मानू या एकट्या राष्ट्रीय उद्यानात पक्ष्यांच्या हजारावर जाती नोंदल्या गेल्या आहेत, तर अख्ख्या पांतानालमध्ये सहाशेच्या आसपास. फक्त इथेच सापडतात असे प्राणीही पांतानालमध्ये जवळपास नाहीत. जग्वारचं सर्वांत मोठं घरदेखील ॲमेझॉनच. तरी जग्वार बघायला निघालेला माणूस कुइआबाहून दक्षिणेची वाट धरतो. वर्षावनात वर्षानुवर्षं काम केलेल्या संशोधकांना जो प्राणी मोजक्या वेळा दिसतो, तो पांतानालच्या नद्यांवर हंगामात तीन-चार दिवस होडीतून फिरलेल्या पर्यटकाला बहुधा दिसतोच.

जंगलात किती प्राणी आहेत आणि त्यातले किती दिसतात, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दिसण्याची गणितं बरीचशी पाणी ठरवतं.

झाडांचं वजन, प्राण्यांचं वजन

आधी उत्तरेकडे पाहू. ॲमेझॉनच्या मध्यभागी मनाउस शहराजवळ फिटकाऊ आणि क्लिंगे या दोन शास्त्रज्ञांनी जंगलाच्या एका तुकड्यातल्या सजीवांच्या वजनाचा अंदाज बांधला. १९७३ साली प्रसिद्ध झालेले ते आकडे आजही चकित करतात. एका हेक्टरातल्या जिवंत वनस्पतींचं वजन सुमारे नऊशे टन भरलं. आणि त्याच हेक्टरातल्या सगळ्या प्राण्यांचं? सुमारे दोनशे किलो. त्यातलाही मोठा वाटा मातीतल्या किड्यामकोड्यांचा. एकूण वजनाचा साधारण तिसरा हिस्सा नुसत्या मुंग्या आणि वाळवीचा. माकडं, हरणं, टॅपिर, जग्वार असे जे प्राणी बघायला आपण पैसे मोजून जातो, त्यांच्या वाट्याला उरतात थोडे किलो.

एवढी हिरवाई आणि खाणारे इतके कमी, असं का? पहिलं कारण असं की त्या नऊशे टनांतलं बहुतेक वजन लाकडाचं आहे आणि लाकूड पचवणं वाळवीसारख्यांनाच जमतं. पानं उरतात, पण वर्षावनातलं पान काही फुकट मिळत नाही. तिथली माती बहुतेक ठिकाणी निकस असते. गमावलेलं पान पुन्हा उभं करणं झाडाला महाग पडतं, म्हणून झाड त्याचं रक्षण करतं. पान चिवट करतं, त्यात टॅनिन आणि विषारी द्रव्यं भरतं. अशा पानांवर जगायचं तर स्लॉथसारखं दिवसचे दिवस पचवत, जेमतेम हालचाल करत जगावं लागतं.

दुसरं कारण उजेडाचं. तीस-चाळीस मीटर उंचीवर फांद्यांचं छत इतकं गच्च असतं की जमिनीवर सूर्यप्रकाशाचा एखाद-दुसरा टक्काच पोचतो. तेवढ्यावर गवत वाढत नाही, आणि कळपांचं सगळं गवतावर अवलंबून असतं. गवताचा वाढणारा भाग बुडाशी असतो, त्यामुळे वरून चरलं तरी ते पुन्हा फुटतं. असं पुन्हा पुन्हा उगवणारं खाणं असेल तरच एका जागी पन्नास चितळं पोसली जातात, आणि पन्नास चितळं असतील तर वाघाला फार लांब जावं लागत नाही. गवत नसेल तर कळप नाहीत. जमिनीवर मग एकेकटे, छोटे, लपूनछपून राहणारे प्राणी उरतात आणि त्यांच्यामागे विरळ पसरलेले शिकारी.

वर्षावनाचं खरं जगणं छतावर चालतं. फळं, फुलं, कोवळी पालवी, माकडं, टूकान, पोपट सगळे तिथे. आपण खाली उभे असतो, नजर पंधरा-वीस मीटरवर झाडोऱ्यात अडते आणि वरून फक्त आवाज आणि अर्धवट खाल्लेली फळं पडत राहतात.

कलत्या परातीतलं पाणी

आता दक्षिणेला वळू. पांतानालचं सगळं रहस्य त्याच्या उतारात आहे; उतार नसण्यात आहे म्हटलं तरी चालेल. भोवतीने पठारांची कड आहे आणि मध्ये समुद्रसपाटीपासून शंभर-दीडशे मीटर उंचीची अफाट सपाटी. जमीन उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरते खरी, पण किलोमीटरमागे जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर. मुंबई ते पुणे एवढं अंतर या उताराने कापलं तर आपण तीन-साडेचार मीटर, म्हणजे इमारतीच्या एका मजल्याएवढेच खाली येऊ.

मोठी परात जमिनीवर ठेवून एका बाजूने किंचित उचलावी आणि वरच्या कडेला तांब्याभर पाणी ओतावं. ते धार धरून वाहत नाही. आधी पसरतं, मग सावकाश खालच्या कडेकडे सरकतं. पांतानालमध्ये हेच होतं, फक्त सरकायला महिने लागतात. पाऊस ऑक्टोबर ते मार्च. पठारावरून नद्या धावत येतात आणि सपाटीवर आल्या की त्यांचा वेग मोडतो. पाणी पात्र सोडून बाहेर पसरतं. दक्षिण टोकाला पराग्वे नदीला बाहेर पडायला टेकड्यांमधली अरुंद वाट आहे, त्यामुळे निचराही धीमाच. उत्तर भागात फेब्रुवारी-मार्चला चढलेला पूर दक्षिणेत पोचेपर्यंत मे-जून उजाडतो. तोवर आभाळ कोरडं ठणठणीत झालेलं असतं. निरभ्र आकाशाखाली पूर येणारा हा प्रदेश. शेवटी बरंचसं पाणी समुद्राकडे जातच नाही, वाफ होऊन उडून जातं.

एवढा पूर येतो म्हणजे पाऊस कोकणासारखा असेल असं कुणाला वाटेल. तसं नाही. इथे वर्षाला साधारण एक हजार ते चौदाशे मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाइतकाच. तेवढाच पाऊस चंद्रपुरात वाहून जातो आणि इथे जमिनीवर रेंगाळत बसतो.

चौकट: पांतानालचं वर्ष

*ऑक्टोबर ते डिसेंबर:* पावसाला सुरुवात. करपलेलं गवत हिरवं होतं, नद्या फुगू लागतात.

*जानेवारी ते मार्च:* उत्तर भाग पाण्याखाली. जमिनीवरचे प्राणी मीटर-दोन मीटर उंचीच्या रानबेटांवर. मासे पात्र सोडून गवताळ पाण्यात.

*एप्रिल ते जून:* उत्तरेत पाणी ओसरतं, पुराची लाट दक्षिणेत पोचते.

*जुलै ते सप्टेंबर:* कोरडा हंगाम. डबकी आटतात, करकोच्यांची पिल्लं वाढतात, जग्वार नदीकाठी. मधूनच दक्षिणेकडून गार वाऱ्याची लाट येते आणि पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो.

*सप्टेंबर, ऑक्टोबर:* सर्वांत कडक ऊन, पारा चाळिशीला. वणव्यांचा काळ.

चढताना पिकतं, उतरताना वाटलं जातं

असं दरवर्षी ठरल्या वेळी चढणारं-उतरणारं पाणी नदीकाठच्या जीवसृष्टीला कसं पोसतं, याची नीट मांडणी युंक, बेली आणि स्पार्क्स या तिघांनी १९८९ साली केली. तिला ‘पूरस्पंद’ म्हणू. नाडीचा ठोका पडावा तसं पाणी वर्षातून एकदा चढून उतरतं.

पाणी चढतं तेव्हा कोरड्या हंगामात वाढलेलं गवत, पालापाचोळा, गुरांचं शेण सगळं बुडतं आणि कुजतं. त्यातली पोषकद्रव्यं पाण्यात उतरतात. उथळ पाणी, भरपूर ऊन आणि खत एकत्र आल्यावर शेवाळ आणि पाणवनस्पती माजायला वेळ लागत नाही. नदीतले मासे या नव्या कुरणात शिरतात, गळून पडलेली फळं खातात, अंडी घालतात. पिल्लं तरंगत्या मुळांच्या जाळ्यात लपून वाढतात. ती मुळं बऱ्याचदा जलपर्णीची असतात. मुळा-मुठेपासून पंचगंगेपर्यंत आपल्या नद्यांचा गळा दाबणारी ही वनस्पती मुळात दक्षिण अमेरिकेची. तिथे पूर तिला ढकलून नेतो, दुष्काळ वाळवतो आणि खाणारेही तिच्यासोबत उत्क्रांत झालेले आहेत, त्यामुळे ती औकातीत राहते.

या काळात पर्यटकाने गेलं तर निराशा ठरलेली. पाणी आणि अन्न सगळीकडे असतं, म्हणून प्राणीही सगळीकडे पांगलेले असतात.

मग पाणी उतरू लागतं. पसरलेला पूर आधी तळी होतो, तळ्यांची डबकी होतात आणि महिनोन्‌महिने हजारो चौरस किलोमीटरांवर वाढलेले मासे त्या डबक्यांत कोंडले जातात. बगळे, चमचे आणि करकोचे याच वेळेची वाट पाहत असतात. तिथला वुड स्टॉर्क नावाचा करकोचा शिकार डोळ्यांनी शोधत नाही. उघडी चोच गढूळ पाण्यात धरून चालतो आणि मासा चोचीला लागला की सेकंदाच्या चाळिसाव्या भागात ती मिटतो. मासे विरळ असतील तर या पद्धतीत पोट भरणार नाही. ती चालते ती मासे डबक्यात खच्चून भरलेले असतानाच. म्हणून हे पक्षी पिल्लं वाढवण्याची वेळच आटत्या पाण्याशी जुळवतात. जाबिरू हा माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच करकोचा, पांतानालची ओळखच, तोही उंच झाडावरचं घरटं याच दिवसांत गजबजवतो.

पक्ष्यांमागून केमन येतात. ही मगरीची दक्षिण अमेरिकी भावंडं, पांतानालमध्ये लाखोंच्या संख्येने. उरलेल्या पाण्याच्या कडेला ती एकमेकांच्या अंगावर पडून ऊन खात असतात. कॅपिबाराला बुडी मारायला पाणी आणि चरायला गवत दोन्ही लागतं, म्हणून हा साठ किलोपर्यंत भरणारा जगातला सर्वांत मोठा कृंतक काठ सोडत नाही. दलदली हरीण, टॅपिर, मुंगीखाऊ हेसुद्धा पाण्याच्या आसऱ्याने येतात. आणि रान विरळ, गवताळ असल्यामुळे हे सगळं दोनशे-तीनशे मीटरवरून दिसतं.

ताडोबाचं गूढही इथेच उकलतं. पानगळीचं रान मार्च-एप्रिलपर्यंत उघडं पडतं, ओढे आटतात, प्राण्यांना मोजक्या पाणवठ्यांवर येण्यावाचून गत्यंतर नसतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची आपल्या वनखात्याची जुनी प्रथा याच तत्त्वावर उभी आहे: वर्षातलं सर्वांत कमी पाणी आणि सर्वांत लख्ख चांदणं. भिगवणला उजनीचं पाणी उतरून चिखल उघडा पडला की रोहित पक्ष्यांभोवती होड्यांची रांग लागते, तेही याच न्यायाने. कोयनेच्या रानात बाराही महिने झरे वाहतात. तिथल्या सांबराला आपल्यासमोर यायचं कारणच नाही.

एका अर्धवट रस्त्याची देणगी

पांतानालमधला सर्वांत प्रसिद्ध रस्ता म्हणजे पोकोनेहून निघणारा ट्रान्सपांतानेरा. १९७०च्या दशकात तो पांतानालच्या आरपार न्यायचा बेत होता. सुमारे १४७ किलोमीटरवर पोर्तो जोफ्रे इथे कुइआबा नदीच्या काठाशी तो थांबला आणि पुढे गेलाच नाही. कच्चा रस्ता, वाटेत शंभरावर पूल, बरेचसे लाकडी, हल्ली एकेक करून काँक्रीटचे होत आहेत.

पुरातही रस्ता कोरडा राहावा म्हणून त्यावर भराव घालावा लागला. भरावाची माती आणायची कुठून? दोन्ही बाजूंनी खणली. त्या चरांमध्ये पाणी साठलं आणि आजूबाजूचं पाणी आटलं तरी ते टिकू लागलं. म्हणजे अभियंत्यांनी नकळत दीडशे किलोमीटर लांबीची डबक्यांची दुहेरी रांग तयार करून ठेवली, आणि तीही नेमकी गाडीच्या खिडकीखाली. या रस्त्यावर गाडीतून न उतरता जेवढे केमन आणि पाणपक्षी दिसतात, तेवढे पाहायला अन्यत्र आठवडाभर चिखल तुडवावा लागेल. वन्यजीव पर्यटनासाठी कुणीतरी डोकं लावून आखलेला रस्ता इतका चांगला झाला नसता, असं मला वाटतं.

भोवतालची जमीन मात्र सरकारी अभयारण्याची नव्हे. पांतानालचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग खासगी मालकीचा, गुरांच्या मोठमोठ्या कुरणांचा आहे आणि दोनशेहून अधिक वर्षं तिथे गुरं चरतात. गुरांचा एक अजब फायदा निळ्या मकावला मिळतो. चोचीपासून शेपटीपर्यंत मीटरभर लांबीचा हा जगातला सर्वांत लांब पोपट. त्याचं खाणं दोन प्रकारच्या ताडांच्या टणक बिया. गाई त्या फळांचा गर खातात आणि बिया जशाच्या तशा बाहेर टाकतात. मकावला सोललेलं जेवण गोठ्याजवळ तयार मिळतं, म्हणून रानात शोधत फिरण्याऐवजी तो बऱ्याचदा कुरणावरच्या घराच्या अंगणातच दिसतो.

जग्वार काठावर का येतो?

मांजरकुळातला प्राणी म्हटला की एकटा, निशाचर, आपापल्या हद्दीत कडक पहारा ठेवणारा. पांतानालच्या उत्तर भागातला जग्वार या वर्णनात बसत नाही. तो भर दुपारी वाळूवर लोळतो, पोहतो आणि पाण्यात उडी टाकून केमन पकडतो. इतर मोठी मांजरं गळा धरतात. जग्वार कवटीच्या मागच्या बाजूला दात रोवतो. त्याच्या जबड्याला तेवढी ताकद आहे.

तिथल्या ताइआमा या राखीव क्षेत्रातल्या जग्वारांची विष्ठा तपासून आणि कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाण्यात मुख्य वाटा निघाला मासे आणि केमन यांचा. सस्तन प्राणी त्या मानाने थोडेच. आणि तिथली जग्वारांची दाटी आजवर नोंदलेल्या सर्वांत जास्त दाट वस्त्यांपैकी होती. अन्न इतकं की हद्दीवरून भांडण्यात अर्थ उरत नाही. कॅमेऱ्यात प्रौढ जग्वार एकमेकांबरोबर फिरताना, खेळताना सापडले.

आता साखळी पुरी होते. पुराने गवत कुजलं, त्यावर शेवाळ, त्यावर मासे, माशांवर केमन, केमनवर जग्वार. पांतानालमधल्या नर जग्वाराचं वजन शंभर किलोच्या वर जातं. ॲमेझॉनमधला त्याचा भाऊबंद बराच हलका असतो. आणि खाणं पाण्यात असल्यामुळे खाणारा काठावर, म्हणजे होडीतून दिसेल असा.

पण काठावर येणं वेगळं आणि माणसासमोर बसून राहणं वेगळं. ज्याच्या कातड्यासाठी माणसं बंदुका घेऊन फिरतात तो प्राणी काठावर आला तरी होडीचा आवाज ऐकताच पसार होतो. १९६०च्या दशकापर्यंत जग्वार आणि महाकाय पाणमांजराची कातडी परदेशी बाजारात जात होती. ब्राझीलने १९६७ मध्ये वन्यप्राण्यांच्या शिकारीविरुद्ध कायदा केला, १९७५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचा अंकुश आला. केमनची चोरटी शिकार त्यानंतरही, १९८०च्या दशकात, प्रचंड प्रमाणावर चाललीच होती. ती थंडावली आणि होडी म्हणजे धोका नव्हे हे पिढीमागून पिढी जग्वारांच्या अंगवळणी पडलं. ही सवय होडीपुरतीच असते. तोच माणूस काठावर पायी उतरला तर चित्र वेगळं. ताडोबातली वाघीण जिप्सीकडे ढुंकून पाहत नाही, ती जिप्सीला ओळखते म्हणून. त्यावरून ती माणसाळली असं समजणाऱ्याने गाडीतून पाय खाली ठेवू नये. मांस टाकून जग्वाराला जवळ बोलावण्याचा मोह काही ठिकाणी झाला आहे. माणूस आणि अन्न यांची सांगड जनावराच्या डोक्यात घालणं यापेक्षा मोठा गाढवपणा नाही.

भीती गेली यामागे पैशाचाही हात आहे. पोर्तो जोफ्रे भागातल्या सात पर्यटक निवासांचा हिशेब मांडणारा अभ्यास २०१७ मध्ये आला. जग्वार पाहायला येणाऱ्यांकडून वर्षाला सुमारे ६८ लाख डॉलर मिळत होते; त्या भागातले जग्वार गुरं मारून जे नुकसान करू शकतात, त्याचा अंदाज होता सुमारे १ लाख २१ हजार डॉलर. आकडे बोलके आहेत, पण त्यात एक गोम आहे. पैसा लॉजवाल्याच्या गल्ल्यात पडतो आणि वासरू जातं शेजाऱ्याचं. त्या संशोधकांनीच सुचवलं होतं की पर्यटकांच्या ऐच्छिक देणग्यांतून पशुपालकांना भरपाई द्यावी. व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवरच्या गावात ज्यांनी कुणाची मेलेली म्हैस पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग ॲमेझॉनला जाऊच नये का?

जावं, पण ताडोबाची नजर घरी ठेवून. प्राणी जिथे नाइलाजाने येतात अशा जागा वर्षावनातही असतात, फक्त तिथे ओढ पाण्याची नसते. पहिला उपाय अशा जागा गाठण्याचा.

पश्चिम ॲमेझॉनमध्ये, पेरूतल्या मानू आणि तांबोपाटाच्या परिसरात, नदीकाठच्या काही मातीच्या दरडींवर सकाळी शेकडो पोपट आणि मकाव जमतात आणि चक्क माती खातात. विषारी बियांवर उतारा म्हणून ते माती खातात, असं आधी मानलं जाई. आता मिठाचं कारण जास्त पटण्याजोगं वाटतं. पावसातून येणारं सोडियम मूळचं समुद्राचं. अटलांटिक इथून हजारो किलोमीटर दूर आणि पॅसिफिकची वाट अँडीज पर्वताने अडवलेली, त्यामुळे इथल्या वनस्पतींत सोडियमचा दुष्काळ. ज्या दरडीत ते आहे, तिथे पक्षी येणारच. याच भागात फुलपाखरं ऊन खाणाऱ्या कासवांच्या डोळ्यांतलं पाणी पिताना दिसतात, तीही मिठासाठीच.

दुसरा उपाय म्हणजे आपणच वर जाणं. मातो ग्रोसोच्या उत्तर टोकाला आल्ता फ्लोरेस्ताजवळ क्रिस्तालिनोच्या रानात पन्नास मीटर उंचीचे मनोरे आहेत. पहाटे वर चढलं की खालून नुसता ऐकू येणारा कलकलाट डोळ्यांसमोर उडताना दिसतो.

तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो. ॲमेझॉनच्या मोठ्या नद्यांकाठी पुराचं पाणी दहा-बारा मीटर चढतं. अशा वेळी छोट्या होडीतून झाडांच्या फांद्यांमधून जाता येतं, म्हणजे मनोरा न चढताही आपण छताच्या बरेच जवळ असतो. मामिराउआ राखीव क्षेत्रात तर जमीनच शिल्लक राहत नाही, तेव्हा जग्वार महिनोन्‌महिने झाडांवर राहतात. तिथेच झोपतात, तिथेच पिल्लं सांभाळतात आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे पोहत जातात.

ठोका चुकला की

पांतानालला पाणी हवं असतं हे अर्धसत्य आहे. त्याला हवं असतं चढणारं आणि उतरणारं पाणी. ताक्वारी नदीचं उदाहरण घ्या. वरच्या पठारावरचं रान तोडून शेती आणि कुरणं झाली, उघडी पडलेली वाळू वाहत आली, नदीचं पात्र भरत उंच होत गेलं आणि नदी काठ फोडून बाहेर पडली. मोठं क्षेत्र कायमचं पाण्याखाली गेलं. तिथे पाणी मुबलक आहे, पण ते उतरत नाही. कोरड्या हंगामावर जगणारी झाडं मेली, गुराख्यांना घरं सोडावी लागली.

उलटी बाजू याहून भयंकर. २०२० मध्ये पूर तोकडा आला आणि पांतानालच्या एक चतुर्थांशाहून जास्त भागात आग पसरली. पोर्तो जोफ्रेजवळच्या, जग्वारांसाठी प्रसिद्ध असलेल्या राज्य उद्यानाचा बहुतेक भाग जळाला. त्या आगीत किमान १ कोटी ७० लाख पृष्ठवंशी प्राणी थेट मेले, असा संशोधकांचा अंदाज आहे. लादारिओ इथे पराग्वे नदीची पातळी १९०० पासून रोज मोजली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सव्वाशे वर्षांतल्या नीचांकावर गेली.

पाणी कमी असेल तर प्राणी जास्त दिसतात, हे आपण वर पाहिलं. त्यामुळे दुष्काळाच्या पहिल्या वर्षी पर्यटक खूश होऊन परतू शकतो. पुराशिवाय मासेच वाढले नाहीत तर पुढच्या वर्षी डबक्याभोवती कुणी जमणार नाही. किती दिसले, यावरून रान किती धडधाकट आहे हे ठरवणं म्हणूनच चूक. आपल्याकडेही ‘साइटिंग’च्या आकड्यांवर जंगलांना गुण देण्याची खोड लागली आहे, आणि तिच्यापायी रेडिओवर किंवा फोनवर निरोप जाताच एका वाघाभोवती पंधरा जिप्सी गोळा होतात. पोर्तो जोफ्रेच्या नदीवर होड्यांची तीच गत आहे.

जाणाऱ्यांसाठी

पांतानालच्या उत्तर भागासाठी जुलै ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ धरावा. साओ पाउलोहून विमानाने कुइआबा, तिथून गाडीने पोकोने आणि ट्रान्सपांतानेरा. निम्मे दिवस रस्त्यावर आणि निम्मे नदीवर काढावेत. नुसत्या जग्वारासाठी होडीत बसून राहिलात तर मुंगीखाऊ, मकाव आणि जाबिरू हातचे जातील. मधूनच गार वाऱ्याची लाट येते, तेव्हा ब्राझील म्हणजे गरमच असं समजून स्वेटर घ्यायला विसरू नका. होडी इतरांच्या मागे पळवू नको, असं नावाड्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. त्याला उलट बरंच वाटेल.

आणि निघण्याआधी पीतज्वराची लस घ्या. ती फक्त ठरावीक सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. ब्राझीलहून परतणाऱ्याकडे ते नसेल, तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.